पुस्तक आणि मूल यांच्या मधली माणसे : दिल्लीतील बालसाहित्य संघटनेचा इतिहास

‘असोसिएशन ऑफ रायटर्स अँड इलस्ट्रेटर्स फॉर चिल्ड्रेन’ ही मुलांसाठी लिहिणाऱ्यांची आणि चित्रे काढणाऱ्यांची संघटना १९८१ मध्ये दिल्लीत स्थापन झाली. बहादूरशाह जफर मार्गावरील नेहरू हाउस हा तिचा पत्ता. ‘इंटरनॅशनल बोर्ड ऑन बुक्स फॉर यंग पीपल’, म्हणजेच ‘इबी’, या जागतिक संस्थेची भारतीय शाखा ही तिची दुसरी ओळख. नावात लेखक आणि चित्रकार एवढेच असले तरी तिचे काम पहिल्यापासून शिक्षक, पालक आणि ग्रंथपाल यांच्या सोबतीने चालले. मूल स्वतः दुकानात जाऊन पुस्तक विकत घेत नाही. घरात ते आई-वडील आणतात, शाळेत शिक्षक हाती देतात, ग्रंथालयात ग्रंथपाल काढून ठेवतो. ही तिन्ही माणसे जिथे उदासीन असतात तिथे चांगल्यात चांगले पुस्तकही गोदामात पडून राहते. दिल्लीतल्या बालसाहित्याच्या चळवळीला हे हळूहळू उमगत गेले. आधी पुस्तके निर्माण झाली, मग ती लिहिणारे तयार झाले आणि त्यानंतर वाचून दाखवणाऱ्यांचा शोध सुरू झाला. संघटनेचा इतिहास या क्रमाने पाहिला म्हणजे नीट समजतो.

या इतिहासाच्या मुळाशी के. शंकर पिळ्ळे आहेत. केरळातील कायमकुलम येथे १९०२ मध्ये जन्मलेले शंकर कायद्याच्या शिक्षणासाठी मुंबईत आले. कायदा मागे पडला आणि मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रांत त्यांची व्यंगचित्रे येऊ लागली. १९३२ मध्ये ‘हिंदुस्थान टाइम्स’चे व्यंगचित्रकार म्हणून ते दिल्लीला गेले आणि तिथलेच झाले. १९४८ मध्ये त्यांनी ‘शंकर्स वीकली’ हे साप्ताहिक काढले. राजकीय व्यंगचित्रांचे हे साप्ताहिक भारतीय व्यंगचित्रकारांच्या एका पिढीची शाळा ठरले. याच साप्ताहिकाने १९४९ मध्ये मुलांची चित्रकला आणि लेखन स्पर्धा सुरू केली. लवकरच परदेशांतून मुलांची चित्रे येऊ लागली आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. पंतप्रधानांची टिंगल करणाऱ्या साप्ताहिकाच्या कचेरीत जगभरच्या मुलांच्या चित्रांची पाकिटे येऊन पडत होती, आणि दोन्ही कामे एकच माणूस सारख्याच निष्ठेने करत होता. साप्ताहिक १९७५ मध्ये, आणीबाणीच्या काळात, बंद झाले. मुलांचे काम चालू राहिले.

शंकर यांनी १९५७ मध्ये ‘चिल्ड्रेन्स बुक ट्रस्ट’ स्थापन केला. त्या वेळी दिल्लीच्या दुकानांत मुलांसाठी मिळणारी सचित्र इंग्रजी पुस्तके बहुतेक विलायतेहून आलेली असत. त्यांतली झाडे, घरे, खाणेपिणे आणि ऋतू इथल्या मुलाच्या अनुभवातले नसत. देशी भाषांतली पुस्तके स्वस्त होती, पण कागद आणि छपाई यथातथाच. इथल्या मुलांच्या आयुष्यातल्या गोष्टी, इथल्या चित्रकारांनी काढलेली चित्रे, चांगली रंगीत छपाई आणि मध्यमवर्गीय घराला परवडेल अशी किंमत, हे सगळे एका पुस्तकात आणणे हे ट्रस्टचे उद्दिष्ट होते. त्यासाठी नेहरू हाउसमध्ये इंद्रप्रस्थ प्रेस हा स्वतःचा छापखाना उभारण्यात आला. हा निर्णय दूरदृष्टीचा होता. चित्रांच्या पुस्तकात रंग बिघडला तर गोष्टच बिघडते, आणि बाहेरच्या छापखान्यात मुलांच्या पुस्तकाचा नंबर नेहमी शेवटी लागतो.

शंकर यांचे स्वतःचे ‘लाइफ विथ ग्रँडफादर’ हे पुस्तक १९६५ मध्ये आले. राजा नावाचा एक खोडकर मुलगा आणि त्याचे आजोबा यांच्या या गोष्टी लेखकाच्या केरळातल्या बालपणावर बेतलेल्या आहेत. चित्रेही त्यांचीच. राजा चुका करतो, खोड्या काढतो, मार खातो, पुन्हा तेच करतो. कुठल्याही गोष्टीच्या शेवटी उपदेशाचा डोस नाही. त्या काळी मुलांसाठी लिहिणे आणि मुलांना वळण लावणे हे बहुतेकांच्या लेखी एकच काम होते, आणि मराठीतही परिस्थिती फारशी वेगळी नव्हती. ती लक्षात घेता या पुस्तकाचा मोकळेपणा ठळकपणे उठून दिसतो.

१९६५ मध्येच नेहरू हाउसच्या वास्तूत बाहुल्यांचे आंतरराष्ट्रीय संग्रहालय सुरू झाले. ३० नोव्हेंबर रोजी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी त्याचे उद्घाटन केले. एका हंगेरियन बाहुलीपासून सुरू झालेला शंकर यांचा संग्रह वाढत वाढत सुमारे ८५ देशांतल्या साडेसहा हजार बाहुल्यांपर्यंत गेला. त्याच इमारतीत डॉ. बी. सी. रॉय यांच्या नावाचे मुलांचे ग्रंथालय आहे. बाहुल्या पाहायला आलेली शाळेची सहल वाचनालयाच्या दारावरूनच जाते. १९६८ मध्ये ट्रस्टने ‘चिल्ड्रेन्स वर्ल्ड’ हे इंग्रजी मासिक सुरू केले. पुलक विश्वास यांच्यासारखे चित्रकार या घरात वाढले आणि भारतीय बालपुस्तकांची चित्रभाषा त्यांच्या पिढीने घडवली.

नेहरू हाउसचे काम एकाकी नव्हते. पुस्तके मुलांपर्यंत पोचवण्याचा विचार दिल्लीत आधीपासूनच चालू होता, आणि त्याची सुरुवात ग्रंथपालांकडून झाली होती. युनेस्को आणि भारत सरकार यांनी मिळून उभारलेल्या दिल्ली पब्लिक लायब्ररीचे उद्घाटन २७ ऑक्टोबर १९५१ रोजी पंडित नेहरूंनी केले. जुन्या दिल्लीच्या रेल्वे स्थानकाजवळचे हे ग्रंथालय सर्वांना विनामूल्य खुले होते आणि त्यात मुलांचा स्वतंत्र विभाग होता. वर्गणी नाही, अनामत नाही आणि कपाट उघडे, हा प्रकार त्या काळच्या वाचकांना नवा होता. पुस्तक स्वतःच्या हाताने काढायचे, चाळायचे, नको असेल तर परत ठेवायचे, हे मुलाला करू देण्यासाठी आधी ग्रंथपालाने पुस्तक फाटण्याची भीती सोडावी लागते. १९५५ मध्ये आशियातील सार्वजनिक ग्रंथालयांवर युनेस्कोचे चर्चासत्र दिल्लीतच भरले आणि त्यात मुलांच्या ग्रंथालयसेवेचाही विचार झाला. पुढच्या संमेलनांत पुन्हा पुन्हा निघालेला प्रश्न, म्हणजे मुलांचा ग्रंथपाल नेमका कसा असावा, तो दिल्लीत इतक्या आधी मांडला गेला होता.

दुसरी मोठी संस्था नॅशनल बुक ट्रस्ट. हाही ट्रस्ट १९५७ चाच, पण सरकारी. १९६० च्या दशकात त्याचे अध्यक्षपद पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे होते. ट्रस्टच्या ‘नेहरू बाल पुस्तकालय’ या मालेत एकच पुस्तक अनेक भारतीय भाषांत, त्याच चित्रांसह, अत्यंत कमी किमतीत निघत असे. रंगीत छपाईचा मोठा खर्च सगळ्या भाषांत विभागला जाई आणि म्हणून किंमत कमी राही. मराठी घरांत ही पातळ, चौकोनी पुस्तके शाळेच्या बक्षिसांतून आणि प्रदर्शनांतून पोचली. त्यांच्या भाषांतराविषयी तक्रारी होत्या आणि काही पुस्तकांच्या बाबतीत त्या रास्तही होत्या. तरीही, बंगाली किंवा तमिळ लेखकाची गोष्ट मराठी मुलाच्या हाती देणारी दुसरी तितकी मोठी यंत्रणा त्या काळात नव्हती. १९७२ मध्ये याच ट्रस्टने नवी दिल्लीत पहिला जागतिक पुस्तक मेळावा भरवला.

पुस्तके निघू लागली, पण लिहिणारे कमी पडू लागले. मोठ्यांसाठी लिहिणारा चांगला लेखक मुलांसाठी लिहिताना बहुधा एक तर बोबडे बोलतो किंवा प्रवचन करतो. चिल्ड्रेन्स बुक ट्रस्टने १९७८ मध्ये मुलांच्या पुस्तकांच्या लेखकांसाठी स्पर्धा सुरू केली. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, संयुक्त राष्ट्रांचे आंतरराष्ट्रीय बालवर्ष साजरे झाले आणि सरकारी खात्यांपासून शाळांपर्यंत मुलांविषयी बोलणे वाढले. या काळात नेहरू हाउसमध्ये लेखनाच्या कार्यशाळा घेणाऱ्यांत मनोरमा जफा यांचे नाव पुढे येते. त्या स्वतः मुलांसाठी विपुल लिहीत होत्या. मुलांसाठी लिहिणे ही कला शिकवता येते आणि लेखकाने चित्रकाराशेजारी बसूनच पुस्तकाचा विचार केला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. शंकर यांच्या पुढाकाराने १९८१ मध्ये संघटना स्थापन झाली तेव्हा तिच्या कामाची सूत्रे जफा यांच्याकडे आली आणि पुढे अनेक वर्षे त्यांनी ती सांभाळली. भारत सरकारने २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री दिली. संघटनेच्या ‘रायटर अँड इलस्ट्रेटर’ या इंग्रजी त्रैमासिकात बालसाहित्यावरचे लेख आणि परीक्षणे येऊ लागली. मुलांच्या पुस्तकांची परीक्षणे वृत्तपत्रांत तेव्हा क्वचितच येत. कोणते पुस्तक घ्यावे हे शिक्षकाला किंवा ग्रंथपालाला कळायला असे नियतकालिक हवेच होते.

संघटना ज्या ‘इबी’ची शाखा झाली तिची जन्मकथा या कामाशी फार जवळून जुळते. येला लेपमान या जर्मन ज्यू पत्रकार नाझी राजवटीत देश सोडून इंग्लंडला गेल्या होत्या. युद्ध संपल्यावर अमेरिकी लष्कराच्या सल्लागार म्हणून त्या उद्ध्वस्त जर्मनीत परतल्या. मुलांना अन्न आणि कपड्यांइतकीच पुस्तकांचीही गरज आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पैसे नव्हतेच, म्हणून त्यांनी देशोदेशी पत्रे लिहून भेट म्हणून बालपुस्तके मागितली. दोनदा जर्मन आक्रमण सोसलेल्या बेल्जियमने आधी नकार कळवला. लेपमान यांनी पुन्हा पत्र लिहिले आणि बेल्जियमची पुस्तके आली. १९४६ मध्ये म्युनिकमध्ये या पुस्तकांचे प्रदर्शन भरले. ते बर्लिनला गेले तेव्हा, झुंज खेळायला नकार देऊन फुलांचा वास घेत बसणाऱ्या फर्डिनांड नावाच्या बैलाची गोष्ट त्यांनी स्वतः भाषांतरित केली, वर्तमानपत्राच्या कागदावर तीस हजार प्रती छापून घेतल्या आणि मुलांना वाटल्या. १९४९ मध्ये म्युनिकचे आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय सुरू झाले, १९५१ मध्ये तिथे लेखक, प्रकाशक, शिक्षक आणि ग्रंथपालांची परिषद भरली आणि तिच्यातूनच १९५३ मध्ये झुरिक येथे ‘इबी’ची स्थापना झाली. बालसाहित्याची अधिवेशने ही मोठ्या माणसांची एकत्र बसण्याची जागा आहे, ही कल्पना तिथून आलेली आहे.

संघटनेचे सर्वांत मोलाचे काम म्हणजे ऐंशीच्या दशकात सुरू झालेली घरगुती वाचनालये. सार्वजनिक ग्रंथालय दूर, शाळेचे कपाट कुलपात आणि घरी पुस्तके नाहीत, अशा वस्त्यांतल्या मुलांसाठी ही योजना होती. वस्तीतल्या एखाद्या घरातली खोली किंवा व्हरांडा हेच वाचनालय आणि त्या घरातली एखादी व्यक्ती, बहुतेक वेळा बाई, हीच ग्रंथपाल. संघटना पुस्तकांचा संच देई आणि वाचनालय कसे चालवायचे ते शिकवी. शेजारची मुले ठरलेल्या वेळी येत, बसून वाचत, पुस्तके घरी नेत. नोंदवही, पुस्तकांची पाळी आणि मोठ्याने वाचून दाखवणे एवढेच साहित्य. या योजनेत शिक्षक, पालक आणि ग्रंथपाल या तीन भूमिका एका माणसात एकत्र आल्या, म्हणूनच ती चालली. इमारत उभारून मग वाचक शोधण्यापेक्षा वाचक राहतात तिथेच पुस्तक नेणे स्वस्त पडते, आणि ओळखीच्या बाईच्या घरात शिरताना मूल बिचकत नाही.

या कामाला आंतरराष्ट्रीय दाद मिळाली. ‘इबी’चे १९८६ चे अधिवेशन टोकियोत भरले असता जपानच्या ‘असाही शिंबुन’ या वृत्तपत्राच्या मदतीने वाचनप्रसारासाठी एक पुरस्कार ठेवण्याचे ठरले होते. १९९१ चा ‘इबी-असाही’ पुरस्कार दिल्लीच्या या संघटनेला घरगुती वाचनालयांसाठी देण्यात आला. शंकर हे पाहायला हयात नव्हते. २६ डिसेंबर १९८९ रोजी त्यांचे निधन झाले होते. १९९३ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टनेही मुलांच्या साहित्यासाठी ‘राष्ट्रीय बालसाहित्य केंद्र’ असा वेगळा विभाग काढला. शाळाशाळांतून वाचक मंच काढणे आणि शिक्षकांच्या व लेखकांच्या कार्यशाळा घेणे हा त्याच्या कामाचा मोठा भाग होता. पुस्तके छापून थांबणे पुरत नाही हे सरकारी संस्थेनेही अशा रीतीने मान्य केले.

सप्टेंबर १९९८ मध्ये ‘इबी’चे २६वे अधिवेशन नवी दिल्लीत भरले. दर दोन वर्षांनी होणारे हे अधिवेशन दक्षिण आशियात प्रथमच येत होते आणि यजमानपद संघटनेकडे होते. ‘बालपुस्तकांतून शांतता’ हा विषय आधीच ठरलेला होता. तो जाहीर झाला तेव्हा त्यात कोणाला काही विशेष वाटले नसेल. पण त्या वर्षी ११ आणि १३ मे रोजी भारताने पोखरण येथे अणुचाचण्या केल्या आणि २८ मे रोजी पाकिस्तानने चगाई येथे. चार महिन्यांनी भारताच्याच राजधानीत जगभरचे लेखक, चित्रकार, शिक्षक, प्रकाशक आणि ग्रंथपाल मुलांची पुस्तके आणि शांतता यांविषयी बोलायला जमले. अधिवेशनाच्या विषयाला अशा वेळी जे वजन आले ते कुठल्याही संयोजकाला ठरवून आणता आले नसते.

त्या वर्षीची अँडरसन पदके याच अधिवेशनात प्रदान झाली. १९५६ पासून दिले जाणारे हे पदक बालसाहित्यातला सर्वांत मोठा आंतरराष्ट्रीय सन्मान मानले जाते. लेखनासाठी अमेरिकेच्या कॅथरीन पॅटरसन आणि चित्रांसाठी फ्रान्सचे टोमी उंगरर यांची निवड झाली होती. मिशनरी आई-वडिलांच्या पोटी चीनमध्ये जन्मलेल्या पॅटरसन यांचे बालपण चीन-जपान युद्धाच्या सावलीत गेले. उंगरर स्ट्रासबुर्गचे. ते लहान असताना अल्सेस प्रांत जर्मनीने गिळला, शाळेतली भाषा एका रात्रीत बदलली, आणि पुढे व्हिएतनाम युद्धाच्या काळात त्यांनी काढलेली युद्धविरोधी भित्तिपत्रके गाजली. युद्ध लहानपणी पाहिलेल्या दोघांची दिल्लीसाठी झालेली ही निवड त्या वर्षीच्या विषयाला साजेशीच होती.

अधिवेशनांमुळे मुले वाचू लागतात असा दावा करणे धाडसाचे होईल. त्यांचा उपयोग वेगळा असतो. शाळेत एकटीच धडपडणारी ग्रंथपाल किंवा वर्गात रोज पंधरा मिनिटे पुस्तक वाचून दाखवणारा आणि त्याबद्दल अभ्यासक्रम मागे पडल्याची बोलणी खाणारा शिक्षक अशा ठिकाणी आपल्यासारख्यांना भेटतो, नवी पुस्तके हातात घेऊन पाहतो, आणि परत जाताना यादी घेऊन जातो. लेखक आणि चित्रकार यांनाही आपले पुस्तक वर्गात कुठे अडते ते तिथे ऐकू येते. प्रकाशकाला हे दुकानदाराकडून कधी कळत नाही.

पुढच्या वर्षांत संघटनेचे काम दोन दिशांनी गेले. हान्स ख्रिश्चन अँडरसन यांचा जन्मदिवस, २ एप्रिल, हा १९६७ पासून आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन म्हणून साजरा होतो आणि दर वर्षी एका देशाची शाखा त्याचे यजमानपद घेऊन जगातल्या मुलांसाठी संदेश आणि भित्तिपत्रक तयार करते. २००५ मध्ये हा मान भारताला मिळाला. संदेश मनोरमा जफा यांनी लिहिला आणि चित्र जगदीश जोशी यांनी काढले. त्याच सुमाराला, डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर, संघटनेने आपत्तीत सापडलेल्या मुलांसाठी पुस्तकांच्या आधाराचा कार्यक्रम हाती घेतला. घर आणि माणसे गमावलेल्या मुलाला गोष्ट ऐकवणे, त्याला बोलते करणे, चित्र काढू देणे, हे औषधोपचाराइतकेच तातडीचे आहे ही त्यामागची भूमिका होती. साठ वर्षांपूर्वी लेपमान यांनी म्युनिकमध्ये मांडलेला विचारच इथे पुन्हा कामी आला.

दरम्यान शाळेचे चित्रही बदलू लागले. एनसीईआरटीने २००८ मध्ये पहिली-दुसरीच्या मुलांसाठी ‘बरखा’ ही हिंदी पुस्तकमाला काढली. चार पायऱ्या, पाच विषय आणि चाळीस छोट्या गोष्टी अशी तिची रचना आहे, आणि रोजच्या घरातले प्रसंगच गोष्टीचा विषय झाले आहेत. ही पुस्तके पाठ करून घेण्यासाठी नाहीत, वर्गात मुलांच्या हाताला लागतील अशी ठेवायची आहेत, हा त्यामागचा विचार होता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींची पुस्तके असावीत, असे परिशिष्टातच नमूद केले. कायद्याने ग्रंथालय दिले, पण ग्रंथपालाच्या नेमणुकीबाबत तो गप्प राहिला. त्यामुळे कपाटाची किल्ली बहुतेक ठिकाणी आधीच कामाने वाकलेल्या एखाद्या शिक्षिकेकडे आली. शिक्षक आणि ग्रंथपाल यांच्या एकत्रित प्रशिक्षणाची निकड यामुळे आणखी वाढली.

दिल्लीत २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘बुकारू’ महोत्सवाने वेगळी वाट धरली. मुलांच्या पुस्तकांचे दुकान चालवणाऱ्यांनी सुरू केलेल्या या महोत्सवात लेखक आणि चित्रकार थेट मुलांसमोर येतात, उघड्या हिरवळीवर, झाडाखाली, गोष्ट सांगत किंवा चित्र काढत. पालक मुलाला घेऊन येतात आणि मागे बसून ऐकतात. अधिवेशनात मुलांविषयी बोलतात, इथे मुलांशी बोलतात. दोन्हींची गरज आहे. महोत्सव पुढे श्रीनगर आणि पुण्यासह अन्य शहरांतही गेला आणि २०१७ मध्ये लंडन पुस्तक मेळ्याचा साहित्य महोत्सवासाठीचा पुरस्कार त्याला मिळाला.

देशपातळीवरची दखलही याच काळात वाढली. साहित्य अकादमीने २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार सुरू केले. मराठीतला पहिला पुरस्कार अनिल अवचट यांच्या ‘सृष्टीत... गोष्टीत’ला आणि पुढच्या वर्षीचा दिलीप प्रभावळकर यांच्या ‘बोक्या सातबंडे’ला मिळाला. शिक्षकाचाही विचार करणाऱ्या मराठी पुस्तकांपैकी माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेल्या ‘वाचू आनंदे’ या संचाचे उदाहरण इथे देण्यासारखे आहे. त्यात मराठी साहित्यातले निवडक उतारे आणि भारतीय चित्रकलेचे नमुने समोरासमोर ठेवले आहेत. वाचायला शिकवणाऱ्या शिक्षकाने ते मुलाच्या शेजारी बसून उघडावेत अशी त्यांची मांडणी आहे. टाटा ट्रस्ट्सच्या ‘पराग’ उपक्रमाने ‘बिग लिटल बुक’ पुरस्कार २०१६ मध्ये प्रथम दिला. त्यात लेखनासाठी दर वर्षी एक भारतीय भाषा निवडायची आणि चित्रांसाठी देशभरातून एका चित्रकाराची निवड करायची असे ठरले होते. पहिल्या वर्षी मराठीची निवड झाली. लेखनाचा पुरस्कार माधुरी पुरंदरे यांना मिळाला आणि चित्रांचा दिल्लीचे चित्रकार अतनु रॉय यांना.